देऊळ, दर्गा आणि तहसील कचेरी

आपल्याकडे देवाच्या नावावर जमीन असते. शिरूर-दौंडकडच्या एखाद्या जुन्या गावच्या तलाठ्याला गाव नमुना तीन दाखवायला सांगितलं, तर दुमाला जमिनींच्या त्या नोंदवहीत भैरवनाथ, मारुती, पीर, मशीद असे धारक एकाखाली एक भेटतात. सातबाऱ्यावर भोगवटादार खुद्द देव आणि वहिवाटदार म्हणून गुरव, पुजारी नाहीतर मुलाणी. शेरा ठरलेला: देवस्थान इनाम वर्ग ३. गावात तिला दिवाबत्तीची जमीन म्हणतात. ती परवानगीवाचून विकता येत नाही, आणि कुणी परस्पर विकलीच तर कागद वर्षानुवर्षं कचेऱ्यांमधून फिरत राहतात. १९५२ साली मुंबई राज्याने जात इनामं खालसा केली तेव्हाही देवस्थान इनामांना हात लावला नाही. पेशवे गेले, कंपनी गेली, राणीचं राज्य गेलं; देवाचा सातबारा शाबूत आहे आणि तो सांभाळायचं काम सरकारी नोकर करतो.

धर्म आणि सरकार यांची फारकत हा या पुस्तिकेचा विषय. तो निघाला की लोकांना दिल्ली आठवते, घटनापीठ आठवतं, टीव्हीवरची आरडाओरड आठवते. मला तो आधी तलाठी कार्यालयात दिसतो, मग पोलीस ठाण्यात, मग जिल्हा नियोजन समितीच्या कामांच्या यादीत. म्हणून ही प्रस्तावना दोन तालुके सोडून फारशी बाहेर जाणार नाही. अमेरिकेत जेफर्सनने १८०२ साली धर्मसंस्था आणि राज्य यांच्यामध्ये भिंत असल्याचं लिहिलं. फ्रान्सने १९०५ साली कायदाच करून चर्चला सरकारी तिजोरीपासून तोडलं. आपल्याकडे भिंत कधी नव्हती. फार तर बांध आहे. बांधावरून दोन्हीकडची माणसं ये-जा करतात, बांधावरचं गवत दोघंही कापतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. कज्जा उभा राहतो तो कुणीतरी रात्रीतून नांगर घालून बांध कोरला म्हणजे. पुढच्या पानांत हा बांध कुठून जातो आणि तो कोण कोरतंय, एवढंच पाहायचं आहे.

पेशवाईत हा बांधही नव्हता. श्रावणात पुण्याच्या रमण्यावर ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची ती सरकारी खजिन्यातून. ग्रामण्याचे, म्हणजे जातिबहिष्काराचे, वाद मिटवायचे ते सरकारने. प्रायश्चित्त कुणी किती घ्यायचं याचे हुकूम सुटायचे ते सरकारातून. धर्म आणि सत्ता एका हातात आली की सत्ताधारी मोकळा होतो, असा एक समज आहे. त्यावर उतारा हवा असेल तर शिरूर तालुक्यातलं पाबळ पाहावं. मस्तानीची कबर तिथे आहे. पाबळ आणि केंदूर ही गावं तिला इनाम होती. नर्मदेपार फौजा नेणाऱ्या बाजीरावाला तिच्या पोटच्या मुलाची मुंज मात्र पुण्यात लावता आली नाही, असं सांगतात. तो मुलगा, समशेर बहाद्दर, १७६१ साली पानिपतात मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी गेला. राज्यासाठी मरायला त्याचा धर्म आड आला नाही, घरात घ्यायला आला.

मग कंपनी आली, आणि आली तीही शिरूरवरूनच. घोडनदीकाठी तिची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण याच छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्याच्या फौजेशी भिडली. पुढच्याच महिन्यात, ११ फेब्रुवारीला, एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला: वतनं, इनामं, वर्षासनं चालू राहतील, सर्व धर्म सांभाळले जातील. शहाणा माणूस. जिंकलेल्या मुलखात आधी देवळाच्या तेलाची सोय लावावी, हे त्याला कळत होतं. दक्षिणाही त्याने एकदम बंद केली नाही. त्या रकमेतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये पुण्याच्या सुधारकांनी अर्ज केला की दक्षिणेतले पैसे मराठी ग्रंथांसाठी वापरावेत, तेव्हा सनातनी मंडळींनी गाव डोक्यावर घेतलं. सरकारी पैसा कुणाच्या धर्मासाठी आणि कुणाच्या शिक्षणासाठी, हा वाद आपल्या जिल्ह्यात असा पावणेदोनशे वर्षं जुना आहे. आजचे लोक तो नव्याने शोधून काढल्यासारखा घालतात.

इंग्लंडातल्या पाद्र्यांना मात्र ख्रिस्ती सरकार मूर्तिपूजकांच्या देवळांचे हिशेब ठेवतं याची लाज वाटत होती. त्यांनी रेटा लावला आणि अखेर १८६३ च्या कायद्याने सरकारने देवळं-मशिदींचा कारभार विश्वस्त आणि समित्यांच्या हाती सोपवून हात झटकले. कागदोपत्री ही फारकतच होती. पण त्याच सरकारचं एक धर्मखातं होतं, आणि छावण्यांमधल्या गोऱ्यांच्या पाद्र्यांचे पगार या देशाच्या महसुलातून जात होते. म्हणजे देवळातून पाय काढला आणि चर्चमध्ये ठेवला. फारकतीच्या गप्पा मारणारा कुणाच्या खिशातून कुणाची दिवाबत्ती करतो, हे तपासायची सवय आपल्याला तेव्हापासूनच लागायला हवी होती.

सरकार असं वागत असताना लोक काय करत होते? ते भलतंच काही करत होते. शिरूरला कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं थडगं आहे. तो १८०९ साली वारला. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की लोक त्याला सतपुरुष म्हणत आणि ब्राह्मण व मारवाडी वाणी सोडले तर शिरूर आणि आसपासच्या गावांतले सगळे हिंदू त्याला भजत. सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर यायचा. परक्या मुलखातला, परक्या धर्माचा लष्करी गोरा, आणि आमच्या शेतकऱ्याने त्याला ज्वारी दाखवली. कुणी जाहीरनामा काढला नव्हता, कुणी समिती नेमली नव्हती.

अशा कथा आपण फार आवडीने सांगतो. कुठे पिराच्या उरुसाला पाटलाचा मान, कुठे जत्रेत मुसलमानांची वाजंत्री. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते. या सगळ्या खऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा मला अभिमानही आहे. पण त्या सांगून आपण धर्मनिरपेक्षतेबद्दल बोललो असं समजतो, तिथे गफलत आहे. हा झाला लोकांचा एकोपा. तो लोकांचा, लोकांच्या मर्जीचा, आणि मर्जी फिरली की एका रात्रीत मोडणारा. राज्याची अलिप्तता ही वेगळी चीज आहे, आणि तिची गरज एकोपा मोडतो त्याच दिवशी लागते.

दौंड तालुक्यातल्या यवतचं उदाहरण घ्या. तुकाराम महाराजांच्या पालखीचा यवतला मुक्काम असतो, पुढचा वरवंडला. मग पाटस ओलांडून रोटी घाटाने ती बारामती तालुक्याकडे जाते. यवतच्या मुक्कामाचं पिठलं-भाकरी सगळ्या वारीला ठाऊक. काळभैरवनाथाच्या देवळात कढयांच्या कढया पिठलं रटरटत असतं, घराघरातून भाकऱ्यांच्या चवडी येतात, आणि भाकरी कुणाच्या तव्यावरची हे पंगतीत कुणी विचारत नाही. याच यवतमध्ये १ ऑगस्ट २०२५ रोजी समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. आधीच्या आठवड्यात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याने गाव तापलेलं होतं. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, जमावबंदी आली. पालखी गाव सोडून जेमतेम महिना-सव्वा महिना झाला होता. पिठलं खोटं होतं असं यातून निघत नाही. निघतं एवढंच की त्या दुपारी ज्याच्या दारावर दगड पडत होते त्याला पंगतीच्या आठवणींचा उपयोग नव्हता. त्याला उपयोग होता तो फक्त अशा ठाणे अंमलदाराचा, जो पुतळ्याचा गुन्हा आणि दगडाचा गुन्हा एकाच शाईने लिहून घेतो.

हे लिहून घेणं म्हणजेच धर्मनिरपेक्ष राज्य. बाकीचं भाषण.

आता याच दौंड तालुक्यातलं केडगाव. एका बाजूला नारायण महाराजांचं बेट, दत्ताचं मंदिर. दुसऱ्या बाजूला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. मराठी वाचकाला रमाबाई माहीत असतात, पण अर्ध्याच. १८८३ साली इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सदन कुठल्याही धर्माचा प्रचार करणार नाही, या बोलीवर ते उभं होतं. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत बाईंनी उपाशी मुलींना आणि बायकांना केडगावला आणलं आणि तिथे उघडपणे ख्रिस्ती असलेली मुक्ती उभी केली. बोली मोडली की नाही यावर अजून दोन मतं आहेत. माझं मत असं की खाजगी पैशातून चाललेल्या संस्थेने आपला धर्म दाराशीच सांगून टाकावा, आणि मुक्तीने पुढे तेच केलं. अलिप्त राहायचं बंधन सरकारवर असतं, संस्थेवर नाही. आपण नेमकं उलटं करतो: संस्थांकडून, शेजाऱ्यांकडून, सिनेमावाल्यांकडून अलिप्ततेची अपेक्षा धरतो आणि सरकारी कार्यालयातल्या सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन घरी जातो.

रमाबाईंकडून शिकण्यासारखं आणखी एक आहे. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारला म्हणजे बाई सरकारच्या झाल्या, असं तेव्हा अनेकांनी धरून चाललं होतं. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात बायकांचे जे हाल होत होते त्याबद्दल याच रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं आणि मुंबई सरकारला खुलासे करत बसावं लागलं. इंग्लंडात त्यांचा वाद बिशपांशीही झाला होताच. चर्चने सांगितलं म्हणून मान्य, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. माणसाचा धर्म कोणता यावरून तो सरकारच्या किती जवळचा हे ठरवायची खोड तेव्हा होती. आज ती गेली असं छातीठोकपणे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

स्वातंत्र्यानंतर भिंत का बांधली नाही, हा प्रश्न या विषयावरच्या प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतंच. उत्तर जातीत आहे. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले ते विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून. मुंबई राज्याने त्याच वर्षी हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. सरकारने त्या वेळी भिंतीआड राहून 'हा तुमचा धार्मिक मामला' म्हटलं असतं तर दार बडव्यांच्या मर्जीवर राहिलं असतं. म्हणून संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्य आहे आणि तिथेच हिंदूंची सार्वजनिक देवळं सर्व जातींना उघडण्याचा सरकारचा अधिकारही आहे. सत्ताविसावा अनुच्छेद सांगतो की एखाद्या धर्माच्या वाढीसाठी म्हणून कुणाकडून कर घेता येणार नाही. अठ्ठाविसावा सांगतो की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. बांध एवढाच, पण खुणा पक्क्या आहेत.

त्यातली एक खूण मुंबई राज्यातल्याच खटल्याने रोवली. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा देऊळ, मठ, वक्फ, चर्च सगळ्यांना एकाच मापाने लावला गेला. धर्मादाय आयुक्त हा अधिकारी तिथून आला. रांजणगावच्या महागणपतीच्या देवस्थानापासून गावातल्या भजनी मंडळाच्या ट्रस्टपर्यंत सगळ्यांना नोंदणी, हिशेब आणि बदल अर्ज त्याच्याच कार्यालयात न्यावे लागतात. एका जैन देवळाचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ साली रतिलाल गांधी खटल्यात निकाल लागला: नोंदणी करा, हिशेब तपासा, फी घ्या, ते सगळं चालेल, पण धर्मादाय आयुक्तच धार्मिक संस्थेचा विश्वस्त होऊन बसणार असेल तर चालणार नाही. दात्याने एका धर्मकार्यासाठी दिलेला पैसा न्यायालयाला सोयीचं वाटतं म्हणून दुसरीकडे वळवण्याची मोकळीकही काढून घेतली गेली. त्याच वर्षीचा 'शिरूर मठ' खटला वकिलांच्या तोंडी जास्त असतो. आपल्या तालुक्यातल्या होतकरू वकिलांची एक निराशा इथेच करून टाकतो: तो मठ उडुपीचा, घोडनदीशी त्याचा काही संबंध नाही.

मला रतिलाल खटल्यातली ती रेघ फार मोलाची वाटते. सरकार देवाचा हिशेबनीस होऊ शकतं, यजमान होऊ शकत नाही. हीच रेघ घेऊन गावात फिरून यावं. पालखीच्या वाटेवर पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, आरोग्य पथकं, सोलापूर रस्त्याची वाहतूक वळवणं, हे सरकारने करायलाच हवं. रस्त्यावर लाखो माणसं आहेत, ती कुणाचं नाव घेत चालली आहेत हा प्रश्न गैरलागू. उरुसाला, १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळ पेरणेच्या जयस्तंभापाशी जमणाऱ्या गर्दीला, केडगावच्या ख्रिस्ती मेळ्याला तीच सोय त्याच तत्परतेने मिळाली की झालं. आषाढीला मुख्यमंत्री विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात तेव्हा मात्र रेघ ओलांडलेली असते. विठ्ठल सगळ्यांचा आहे हे मला मान्य. पण महापूजा शासनाची कशी? मुख्यमंत्र्यांनी पहाटे सोवळं नेसून आपल्या नावाने पूजा करावी, चंद्रभागा अडवायला येणार नाही. या मतावर वारकरी मित्र माझ्याशी वाद घालतात आणि घालतीलही.

महापूजा वर्षातून एकदाच असते. खरा बांध कोरला जातो तो सभामंडपांत. खासदार निधीच्या नियमांत प्रार्थनास्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर काम करायला मनाई आहे. मग देवळाला खेटून 'सामाजिक सभागृह' उभं राहतं. फरशी एकच, घंटा एकच, फक्त पाटीवर सामाजिक. दुसरी वाट 'क' वर्ग तीर्थक्षेत्राची: जिल्हा नियोजन समितीने देवस्थानाला तो दर्जा दिला की भक्तनिवास, रस्ता, पेव्हर ब्लॉक यांना निधी खुला. यात्रेकरूंसाठी रस्ता आणि पाणी देणं यात वावगं काही नाही. वावगं तेव्हा होतं जेव्हा गावच्या दफनभूमीला कुंपण नसतं, बुद्धविहाराचं छप्पर दोन पावसाळे गळत असतं आणि देवळापुढच्या कमानीचं तिसऱ्यांदा सुशोभीकरण होतं. यात द्वेष असतोच असं नाही. बहुतेक वेळा नुसती मतांची मोजणी असते, आणि अल्पसंख्याकांच्या वाट्याला तीही पुरते.

वढू बुद्रुकबद्दल दोन वाक्यं लिहिणं भाग आहे. संभाजी महाराजांची समाधी या गावात आहे आणि डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तिथे महाराजांचे अंत्यसंस्कार केल्याचं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं त्या गोविंद गोपाळ यांच्याविषयीच्या एका फलकावरून जी ठिणगी पडली ती १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाच्या हिंसाचारापर्यंत पोहोचली; पुढे न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. समाधीपाशी कुणी काय लिहावं हे सरकारने ठरवायचं नसतं, पण ते लिहिण्यावरून कुणाचं घर जळू नये ही जबाबदारी सरकारचीच असते.

पुस्तिकेतले पुढचे भाग कुठल्याही क्रमाने वाचले तरी चालतील. कायद्याचं प्रकरण जड वाटलं तर आधी सोडून द्यावं. वाचून झाल्यावर एक काम मात्र करा. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला असो, १ मेला की २ ऑक्टोबरला, कामांची यादी वाचली जाईल तेव्हा सभामंडपाच्या ओळीपुढचं लेखाशीर्ष मोठ्याने वाचायला सांगा, आणि गेल्या पाच वर्षांत कब्रस्तान, दफनभूमी आणि विहार यांच्यासाठी किती खर्च झाला तेही विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.